दारात दिसेल ते माणूस

आमच्या गावच्या बसस्टँडसमोर एक हॉटेल आहे. सकाळी तिथे निवृत्त माणसांचा दरबार भरतो आणि मीही त्या दरबारातला एक मानकरी आहे. परवा विषय निघाला मतदारयाद्यांचा. एकाने सांगितलं की, बाहेरच्या काही देशांत म्हणे मतदानाच्या दिवशी केंद्रावर जायचं, तिथेच नाव नोंदवायचं, तिथेच मत टाकायचं आणि घरी यायचं. दुसऱ्याने सगळी नोकरी बांधकाम खात्यात काढलेली. त्याने लगेच विचारलं, "आणि त्याला खर्च किती येईल?" मग दोघांची जुंपली. मी भजी खात गप्प बसलो. हा खर्च आमच्याकडे एका माणसाने फार पूर्वीच काढून ठेवलाय असं मी म्हणालो असतो, तर दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं असतं.

तो माणूस म्हणजे बोरसे नाना. धुळ्याहून चाळीसगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं तालुक्याचं गाव. तिथल्या तहसील कचेरीत नाना निवडणूक शाखेचे नायब तहसीलदार होते. कचेरीत त्यांना 'रावसाहेब' म्हणायचं आणि कचेरीच्या पायऱ्या उतरलं की 'नाना'. मी हायस्कूलात मास्तर. माझं अक्षर बरं आहे ही बातमी कचेरीला कुणी दिली कोण जाणे, पण प्रत्येक निवडणुकीला महिनामहिना माझी रवानगी नानांच्या शाखेत व्हायची. मुख्याध्यापक खूश व्हायचे, कारण तेवढे दिवस त्यांच्या खोलीत वाद घालणारा एक माणूस कमी.

नाना उंच आणि हाडकुळे. पांढरा बुशशर्ट, पांढरी पँट, पांढरी टोपी आणि बाराही महिने काखेत काळी छत्री. पावसाळ्यात ती डोक्यावर असे, उन्हाळ्यात तिने ते फळ्यावरचे मुद्दे दाखवत. निवडणूक शाखेत त्यांनी सरकारचा जेवढा पैसा वाचवला, तेवढा सरकारने स्वतः कधी वाचवला नसेल. बैठक संपली की नाना जुन्या रेडिओच्या कर्ण्यातून काढलेलं लोहचुंबक घेऊन सतरंजीवर ओणवे व्हायचे आणि सांडलेल्या टाचण्या गोळा करायचे. आलेली पाकिटं उलटी करून, खळ लावून पुन्हा वापरायची. पेन्सिलीचा तुकडा बोटात मावेनासा झाला की तो बोरूच्या नळीत खोचायचा. प्रशिक्षणाला आलेल्या मास्तरांना चहा नाही. "चहा प्याला की माणूस वर्गात झोपतो," हे त्यांचं शास्त्र. चहा न पिताही आम्ही झोपायचो, ही गोष्ट वेगळी.

यावरून नाना कंजूष होते असा समज करून घेऊ नये. वैशाखात त्यांच्या घरी आमरसाच्या पंगती उठत आणि शिपायापासून तहसीलदारापर्यंत सगळी कचेरी तिथे वाटीवर वाटी रिचवत असे. वाढायला स्वतः नाना. नको म्हणणाऱ्याच्या वाटीत ते पळीभर जास्तच ओतत. माणूस दिलदार, पण सरकारी वस्तूला हात लागला की त्याच हाताची मूठ मिटायची.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी म्हणालं, साहेब, एवढं करून टाका, त्यात काय लागतंय, की नाना चष्मा कपाळावर चढवत. "मास्तर, फुकट काही नसतं. बिल फाटतंच. आपल्या नावावर नाही फाटलं, तर दुसऱ्याच्या नावावर फाटतं." मास्तर समोर असो वा नसो, वाक्यात मास्तर असायचाच. कचेरीतले कारकून त्यांच्या पाठीमागे या वाक्याची नक्कल करत आणि ती करताना चष्मा नसला तरी कपाळाला हात लावत.

दुसरं वाक्य, "मुदत म्हणजे मुदत." याचा प्रताप मी डोळ्यांनी पाहिला आहे. नाव नोंदवायचा शेवटचा दिवस होता. कचेरी सुटली, नानांनी शाखेला कुलूप लावलं आणि तेवढ्यात आमच्याकडचे एक पुढारी ट्रॉलीभर माणसं घेऊन आवारात आले. जिनिंगवर काम करणारे मजूर होते, सगळ्यांच्या हातात भरलेले अर्ज.

"नाना, कुलूप उघडायला कितीसा वेळ लागतो?" पुढारी म्हणाले.

"वेळ नाही लागत," नाना म्हणाले. "पण आज तुमच्या ट्रॉलीसाठी उघडलं, तर उद्या तुमच्या विरोधकाची ट्रॉली येईल. तिच्यासाठी नाही उघडलं तर तुम्हाला चालेल. मला नाही चालणार."

पुढाऱ्यांनी बदलीची भाषा केली. नानांनी शिपायाला सांगून ट्रॉलीतल्या माणसांना पाणी पाजलं, पुढची फेरी कधी असते ते प्रत्येकाला नीट समजावलं आणि छत्री काखेत मारून घराकडे चालू लागले. गर्दीच्या मागे त्यांचे सख्खे मेहुणे उभे होते, मुलाचा अर्ज घेऊन. त्यांनाही तसंच परत जावं लागलं. त्यानंतर घरी बायकोने बरेच दिवस नानांशी बोलणं टाकलं होतं आणि नाना डबा न घेता कचेरीत यायचे. त्या दिवसांत आम्ही आमच्या डब्यातली भाकरी पुढे केली की निमूटपणे घ्यायचे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात याद्या नव्याने करायचा हुकूम आला. घरोघरी जाऊन नावं लिहायची होती. जुन्या याद्या म्हणजे नुसता भुताखेतांचा बाजार. मेलेली माणसं यादीत, सुरतेला जाऊन कापडाच्या धंद्यात स्थायिक झालेली माणसंही यादीत. एका गावात तर मेलेल्या बापाच्या नावावर कुणीतरी मत टाकून गेलं, आणि त्याचा मुलगा उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून तिथेच बाकावर बसलेला. बोलावं तर आपल्याच पक्षाचं मत जातं, म्हणून पोरगा बापाला जिवंत समजून गप्प राहिला. ही हकिगत ऐकल्यापासून नानांचं अन्न गोड लागेना. याद्या मुळात अशा बनतात कारण मास्तर लोक पारावर बसून, पोलीस पाटलाला विचारून नावं लिहितात, असं त्यांचं निदान होतं. ते चुकीचं नव्हतं.

प्रशिक्षणाला नाना छत्री घेऊन उभे राहिले. "ऐकीव नाव लिहायचं नाही. घरातल्यांनी सांगितलं, शेजाऱ्याने सांगितलं, काही ऐकायचं नाही. दारात उभं राहायचं. दारात दिसेल ते माणूस लिहा. दिसणार नाही ते लिहू नका."

काम उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचं होतं, कारण तेव्हा मास्तर मोकळे असतात. तारखा वरून ठरून आल्या आणि त्या नेमक्या आखाजीच्या आठवड्यात पडल्या.

बाकीच्या महाराष्ट्राला ती अक्षय्य तृतीया. एक मुहूर्त, सोनं घेतलं की संपलं. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण. लग्न झालेली पोर त्या दिवसांत सासरी राहिली तर तिच्या माहेरचं काहीतरी बिनसलं, असं गाव समजतं. भाऊ न्यायला येतात. निंबाच्या झाडांना झोके बांधलेले असतात आणि गौराईची गाणी म्हणत पोरी त्यांवर उन्हं उतरेपर्यंत झुलतात. आमरस आणि पुरणपोळी. गावात ज्या दिसतात त्या सगळ्या लेकी. सुना एकूणएक गायब.

प्रशिक्षणात मागच्या बाकावरून एक शिक्षिका उठल्या. म्हणाल्या, "रावसाहेब, आखाजी आहे. दारात लेकी दिसतील, सुना दिसणार नाहीत."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, लेक काय आणि सून काय, मतदार तो मतदारच. एका गावातून गळाली तर दुसऱ्या गावात चढेल. तालुक्याची बेरीज तीच राहते."

बाई खाली बसल्या. आम्ही कुणी काही बोललो नाही. बोललो असतो तर काम लांबलं असतं आणि सुट्टी आणखी गेली असती.

बेरीज खरोखर तीच राहिली. जुन्या यादीशी ताळा करून पाहिला तेव्हा नाना इतके खूश झाले, की शाखेला पहिल्यांदा पूर्ण कप चहा मिळाला. कच्च्या याद्या गावोगावच्या चावडीवर लागल्या, हरकती घ्यायला दवंडी पिटली. आमच्या भागातल्या सुना चावडीची पायरी चढत नाहीत. पुरुष माणसं चढली, आपलं नाव पाहिलं आणि तंबाखू मळत खाली उतरली. हरकत जवळपास आलीच नाही. नानांना तेही कामाचं प्रशस्तिपत्रक वाटलं. यादी पक्की झाली.

पुढे निवडणूक लागली. माझी नेमणूक बोरखेडे गावात, यादी घेऊन पहिल्या टेबलावर बसायचं. सकाळी पुरुषांची रांग होती, ती सुरळीत गेली. घरची कामं उरकून बायका आल्या. ठेवणीतली लुगडी आणि साड्या, डोक्यावर पदर, काहींच्या कडेवर पोरं. पहिलीला म्हणालो, नाव नाही. दुसरीचंही नव्हतं. तिसरीचंही नाही निघालं, तेव्हा मला आखाजी आठवली आणि नावाखाली रेघ मारायची हातातली पट्टी खाली ठेवावीशी वाटली.

ओळीत एक म्हातारी होती, ठगूबाई. तिचं स्वतःचं नाव होतं. पण तिने मत टाकलं आणि ती जागची हलेना.

"मन्ही सून घरमा शे, चूलवर भाकरी करस," ती म्हणाली. "मंग कागदवर कशी नही?"

केंद्राध्यक्षांनी तिला समजावलं, की नाव बहुतेक सुनेच्या माहेरच्या यादीत असेल, आखाजीला ती तिकडे गेली असेल ना.

"आखाजीले पोर माहेरले नही जाई, ते कव्हय जाई?" ठगूबाई म्हणाली. आत्ता नाव लिहून घ्यायची काही सोय असती तर त्या बापड्या केंद्राध्यक्षांनी घेतलं असतं. कायद्यात तशी सोय नव्हती. त्यांनी निरोप पाठवला आणि थोड्या वेळाने फुफाटा उडवत नानांची जीप आली.

ठगूबाई ही नानांची विहीण. नानांची एकुलती एक मुलगी शालू तिच्या घरात दिलेली. शाळेच्या ओट्याखाली उभ्या असलेल्या त्या बायकांत शालूही होती, कडेवर तान्हं मूल घेऊन. तिचं नाव तालुक्याच्या गावातल्या यादीत, बापाच्या घरावर, माहेरच्या आडनावाने चढलेलं होतं. नाव लिहायला मास्तर आले तेव्हा ती नानांच्या अंगणात झोक्यावर बसलेली होती आणि नाना स्वतः दारात उभे राहून मास्तरांना म्हणाले होते, दिसतेय ना, मग लिहा.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग बायकांना अहिराणीत सांगितलं, की ज्यांचं नाव जिथे आहे तिथेच त्यांना मत टाकता येईल, इथे काही करता येणार नाही.

"मंग तुम्हना जीपमा बसाडीसन लई जा बठ्ठीस्ले," सगळ्या बायकांकडे हात करत ठगूबाई म्हणाली.

"जीप सरकारनी शे, अक्का."

"आनि सरकार कोननं शे?"

नानांनी जीपकडे पाहिलं, मग बायकांकडे. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांच्या हाताखाली इतके महिने काढले होते, की ते हिशोब करताहेत हे मला लांबूनही कळलं. कुणाचं माहेर अमळनेरकडे, कुणाचं चाळीसगावकडे, कुणाचं तापीच्या पलीकडे. जीप एक. सगळ्यांना नेणं शक्य नव्हतं. एकीचं माहेर मात्र जीपच्याच वाटेवर होतं, अगदी तिच्या परतीच्या मुक्कामाला. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला समजत होतं.

नाना म्हणाले, "नही."

शालू पुढे आली. आवाज चढवला नाही. "तुम्हीच सांगेल व्हतं ना नाना, दारमा दिखी तो मानूस लिखा? तव्हय मी तुम्हना दारमा व्हती. आते या दारमा शे. मंग आते लिखा ना."

नानांनी छत्री एका काखेतून काढून दुसऱ्या काखेत घातली, इतकंच. शालूने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती घराकडे वळली. तिच्या मागोमाग बाकीच्या सुनाही गेल्या. ठगूबाई सगळ्यात शेवटी गेली. जाताना तिने नानांना घरी चहाला या असं म्हटलं नाही. आमच्याकडे विहिणीने व्याह्याला दारावरून असं परत जाऊ देणं ही लहान गोष्ट नाही.

मला त्या दिवशी नानांचा राग आला. पोरीला जीपमध्ये घेतलं असतं तर कुणी त्यांना फासावर दिलं नसतं. आणि घेतलं असतं, तर त्यांच्याबद्दल आज मी हे लिहायला बसलो नसतो, हेही खरं आहे.

तक्रारी बोरखेड्यापुरत्या नव्हत्या, तालुकाभरातून आल्या. काही दिवसांनी धुळ्याला बैठक झाली. तिथे कुणीतरी म्हणालं, की अशा प्रसंगी मतदानाच्या दिवशीच नाव घ्यायची मुभा असली तर किती बरं. लोक हसले. मग ठरलं, की अशा मुभेला प्रशासकीय खर्च किती येईल याचं टिपण बोरसे रावसाहेबांनी करावं. यात मेख होती. हा माणूस टाचणीचा हिशोब ठेवतो, तो हा प्रस्ताव असा काही मोडून टाकेल की पुन्हा कुणी नाव काढणार नाही, असा सगळ्यांचा अंदाज.

टिपण नाना आठवडाभर लिहीत होते. पक्की प्रत माझ्या अक्षरात. सुरुवातीला सगळं अंदाजाप्रमाणेच होतं. प्रत्येक केंद्रावर एक कारकून जास्त. एक टेबल, दोन खुर्च्या, 'खुर्च्या शाळेच्या चालतील'. नव्या नावांची मतं वेगळ्या पाकिटात ठेवायची, म्हणजे पाकिटं आली, मोहर मारायला लाख आली. त्या माणसाने आणखी कुठे मत टाकलं नाही ना, हे मागाहून दोन्ही गावांच्या याद्या लावून तपासायचं, त्याला माणसं आणि दिवस. खोटी माणसं येतील, त्यावरून भांडणं होतील, त्याला पोलीस. दोन रांगांना वेगळं ठेवायला सुतळी. अंधार पडेपर्यंत काम चालेल म्हणून एक जास्तीचा कंदील. नानांनी एक पैसा लपवला नव्हता आणि एक पैसा फुगवलाही नव्हता. खर्च बराच होता. एवढं पाठवलं असतं तर वरची मंडळी टाळ्या देत बसली असती.

पण शेवटच्या पानावर त्यांनी नवीन मथळा घातला, 'मुभा न दिल्याने सध्या होत असलेला खर्च'. त्याखाली लिहिलं होतं, नाव नसल्याने परत गेलेल्या स्त्रियांची बुडालेली मजुरी. त्यांचं जाणं-येणं. तक्रारींना उत्तरं देण्यात गेलेले कारकुनांचे दिवस. 'एका निवडणुकीत हुकलेल्या मताची भरपाई पुढील निवडणुकीत होत नाही.' आणि सगळ्यात खाली, 'सदर खर्च शासकीय तिजोरीतून होत नसल्यामुळे तो शून्य धरण्यात आला आहे.'

मी लिहिता लिहिता थांबलो. "नाना, हे वाक्य वर खटकेल."

"खटकू द्या. शून्य धरतात ते धरतात. मग शून्य लिहायला काय हरकत आहे?"

"आणि शिफारस? मुभा द्यावी की नाही?"

"लिहा, शिफारस करण्याचा अधिकार या शाखेस नाही."

टिपण काही महिन्यांनी परत आलं. वर शेरा, 'दप्तरी दाखल'. नानांनी ते दप्तरी दाखल केलं, ज्या पाकिटातून आलं ते उलटं केलं आणि त्याला खळ लावायला घेतली.

पुढची आखाजी आली. नानांनी अंगणातल्या निंबाला झोका बांधला आणि शालूला आणायला पुतण्याला बोरखेड्याला पाठवलं. पुतण्या एकटाच परत आला. शालूचा निरोप होता, "पहिले तठलं नाव कापा, मंग येसू." सण गेला, झोका तसाच लटकत राहिला. नानांची बायको त्याच्याकडे पाठ करून धुणी वाळत घालायची. कचेरीत नाना कुणाशी या विषयावर बोलले नाहीत. पण त्या वर्षी त्यांच्या घरी आमरसाची पंगत झाली नाही, आणि आम्ही काय ते समजलो.

नाव कापणं आणि दुसरीकडे चढवणं ही नानांच्या हातातली गोष्ट होती, असं कुणालाही वाटेल. त्यांनी मात्र नोंदणीची पुढची फेरी येईपर्यंत वाट पाहिली. मुदत म्हणजे मुदत. ती फेरी आली तेव्हा रविवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या सायकलवर ते बोरखेड्याला गेले. माझं अक्षर लागणार म्हणून मीही मागच्या कॅरिअरवर. चावडीवर न जाता ते सरळ पिठाच्या गिरणीत शिरले. बाजाराच्या आदल्या दिवशी गावातली एकही बाई गिरणीवाचून राहत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. पोत्यावर बसून ते यादी वाचू लागले. गिरणीच्या आवाजात एक अक्षर ऐकू येईना. नानांनी गिरणीवाल्याला पट्टा काढायला सांगितला. तो म्हणाला, "इंजिन पुन्हा चालू करायला डिझेल जातं, रावसाहेब."

"किती जातं?"

त्याने सांगितलं. नानांनी खिशातून पैसे काढून दिले, स्वतःच्या. मग इंजिन बंद झालं, आणि पिठाने टोपीपासून बुटापर्यंत आणखी पांढरे झालेले नाना घरागणिक नावं वाचू लागले. ज्या घरात सासू आहे आणि सून नाही तिथे थांबायचे. बायका ओरडून सांगायच्या, मी अर्ज भरायचो. शालूही डोक्यावर डबा घेऊन आली. तिने आपलं नाव सांगितलं. नानांनी मान वर न करता मला म्हटलं, "लिहा, मास्तर." डबा दळून होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

त्यानंतरच्या आखाजीला शालू माहेरी आली. पंगत झाली. मी वाटी पुढे केली तेव्हा नानांनी पळी इतकी भरून ओतली, की माझ्या सदऱ्यावर आमरसाचे डाग पडले आणि ते धुऊनही गेले नाहीत.

नाना निवृत्त झाले. मागोमाग त्यांची बायको गेली. एकट्या माणसाने एवढ्या घरात काय करायचं, म्हणून ठगूबाईनेच निरोप पाठवला, "घर आठे बी शे," म्हणजे घर इथेही आहे. मुलीच्या घरी बापाने राहायचं, ही गोष्ट आमच्याकडे लोकांना रुचत नाही. नाना गेले आणि राहिले. फक्त दरवर्षी आखाजीच्या आधी ते तालुक्याच्या गावी येत, कुलूप काढत, अंगण सारवून घेत, झोका बांधत. मग शालू पोरांना घेऊन येई. सण झाला की दोघं मिळून घर बंद करून बोरखेड्याला परत जात.

मला ते शेवटचे दिसले नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका मतदानाच्या दिवशी. तोवर मी केंद्राध्यक्ष झालो होतो आणि माझ्या वाट्याला पुन्हा बोरखेडेच आलं होतं. दुपारी गर्दी ओसरली तसा मी हवा खायला ओट्यावर आलो. बाहेर चुन्याची रेघ मारलेली होती. तिच्या पलीकडे, निंबाच्या सावलीत, छत्री काखेत धरून नाना उभे होते. फार वाळले होते.

"आत या ना," मी म्हणालो.

"माझं नाव इथे नाही. तिकडे आहे, तालुक्याला."

"इतकी वर्षं इथे राहता आणि नाव हलवलं नाहीत? तुम्ही?"

"मुद्दाम नाही हलवलं." ते म्हणाले. "त्या घरात कुणीतरी मतदार पाहिजे, मास्तर. नाहीतर पोरीचं माहेर कुठे राहिलं?"

मी त्यांना विचारलं, मग मत टाकायला गेला का नाहीत. ते सकाळपासून बसची वाट पाहत होते. बस आली नव्हती आणि येणारही नव्हती. बसगाड्या निवडणुकीच्या कामाला लावलेल्या होत्या. हीच व्यवस्था नानांनी स्वतः वर्षानुवर्षं केलेली, त्यामुळे तक्रार करायलाही त्यांना तोंड नव्हतं. "मी बसेस घ्यायचो तेव्हा वाटेतल्या माणसांचा विचार टिपणात कधी धरला नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात शालू मत टाकून बाहेर आली. डाव्या हाताच्या बोटावरची शाई ओली होती म्हणून हात जरा दूर धरला होता. तिने बापाकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि मोठ्या पोराला घरी पिटाळलं. थोड्याच वेळात तिचा नवरा ट्रॅक्टर घेऊन आला.

"एक मतनासाठे ट्रॅक्टर?" नाना म्हणाले. "डिझेल कितलं लागी?"

"बिल मन्हा नाववर फाडा," शालू म्हणाली. तिने त्यांच्या काखेतली छत्री काढून घेतली, दंडाला धरून त्यांना चाकावरच्या पत्र्यावर बसवलं आणि मग छत्री त्यांच्या हातात दिली.

ट्रॅक्टर निघाला. एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने छत्री धरून नाना ताठ बसले होते. वळणावर गेल्यावर ते जावयाच्या कानाशी वाकले आणि काहीतरी विचारू लागले. डिझेलचंच विचारत असणार. जावई मान हलवत होता आणि शालू ओल्या शाईचं बोट हवेत धरून, ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत चुन्याच्या रेघेपाशी उभी होती.